तिबेट पावलांनी मोजणारे पंडित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधप्रवासी म्हटलं की आपल्याला शाळेतल्या धड्यातली नावं आठवतात: कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन. एकोणिसाव्या शतकात हिमालयापलीकडचा प्रचंड मुलूख पायी चालत, पावलं मोजत नकाशावर आणणारी माणसं मात्र आपल्याच देशातली होती. कुणी शाळामास्तर होता, कुणी मुन्शी, कुणी शिंपी. त्यांच्याविषयी लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे ‘पंडित’ म्हणजे नेमके कोण?

भारताच्या सर्वेक्षण खात्याने १८६३ पासून पुढची वीसेक वर्षं तिबेट, नेपाळ आणि मध्य आशियात गुप्तपणे पाठवलेले भारतीय मोजणीदार. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नैनसिंह रावत. ते गावच्या शाळेत मास्तर होते, आणि कुमाऊंत मास्तरांना पंडित म्हणायची रीत होती. कागदोपत्री त्यांचा उल्लेख ‘पंडित’ असाच व्हायचा, आणि पुढे हे काम करणाऱ्या सगळ्यांनाच ते नाव चिकटलं. त्यांच्यात मुसलमान मुन्शी होते, सिक्कीमचे लेपचा होते, बंगाली शिक्षक होते. ज्यांची गोष्ट पुढे येते त्या किंथुप यांना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं, तरी इतिहासात तेही पंडितच.

नैनसिंह कुठले? त्यांचीच निवड का झाली?

कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातलं मिलम हे त्यांचं गाव. आजच्या उत्तराखंडात, पिथौरागढ जिल्ह्यात, मिलम हिमनदीच्या तोंडाशी. जन्म १८३० चा. या खोऱ्यातल्या शौका लोकांचं पोट तिबेटच्या व्यापारावर चालायचं. उन्हाळ्यात खिंडी उघडल्या की इकडचं धान्य, कापड, गूळ मेंढ्यांच्या पाठीवर लादून पलीकडच्या ग्यानिमा वगैरे बाजारांत न्यायचं आणि तिकडचं मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परत यायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. त्यामुळे तिबेटी भाषा, चालीरीती, तिथल्या अधिकाऱ्यापुढे कसं वाकायचं आणि चहा कसा प्यायचा, हे सगळं त्यांना घरातूनच मिळालेलं असायचं.

शिवाय नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मानीसिंह यांनी १८५५ ते १८५७ या काळात श्लागिनट्वाइट या जर्मन भावांबरोबर प्रवास केला होता. यंत्रं त्यांनी पाहिली होती, हाताळली होती. सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन थॉमस माँटगोमरी यांना अशीच माणसं हवी होती. (हे माँटगोमरी म्हणजे काराकोरमच्या शिखरांना के-१, के-२ असे क्रमांक देणारे. के-२ चं नाव आजही तेच आहे.)

इंग्रज स्वतःच का गेले नाहीत?

कारण पकडले गेले असते. तिबेटच्या सीमा युरोपियनांना बंद होत्या. हिंदुस्थान एकेक करून इंग्रजांच्या घशात गेलेला तिबेटी आणि चिनी अधिकाऱ्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्यांची ही खबरदारी अगदी रास्त होती. दुसऱ्या बाजूने रशिया मध्य आशियात सरकत होता. १८६५ मध्ये ताश्कंद पडलं, १८६८ मध्ये समरकंद. दोन साम्राज्यांच्या मधला एवढा मोठा प्रदेश नकाशावर कोरा होता, आणि ल्हासाची जागासुद्धा अंदाजाने दाखवली जायची.

माँटगोमरींना लडाखमध्ये असताना दिसलं, की हिंदुस्थानी व्यापारी मध्य आशियातल्या यारकंदपर्यंत बिनबोभाट जातात-येतात. मग त्यांतल्याच कुणाला मोजणी शिकवून पाठवलं तर? पहिला प्रयोग १८६३ मध्ये झाला. मोहम्मद-इ-हमीद नावाचे मुन्शी लेहहून यारकंदला गेले, कित्येक महिने तिथे राहून नोंदी केल्या, आणि परतीच्या वाटेवर वारले. माणूस परत आला नाही, कागद आले. त्या कागदांवरून खात्याची खात्री पटली की हा मार्ग चालण्यासारखा आहे.

पावलं मोजून नकाशा खरंच करता येतो?

येतो, पण त्यासाठी चालणं पुन्हा नव्याने शिकावं लागतं. डेहराडूनला या मंडळींना एकाच मापाचं पाऊल टाकायची सवय लावली गेली. चढ असो, उतार असो, चिखल असो, पाऊल तेवढंच. नैनसिंहांचं पाऊल साधारण साडेएकतीस इंचांचं होतं. म्हणजे सुमारे २,००० पावलांचा एक मैल.

हिशेब ठेवायला हातात जपमाळ. खरी माळ १०८ मण्यांची असते. आपल्याकडेही असते आणि तिबेटी बौद्धांकडेही. यांच्या माळेत मणी १०० च होते, आणि प्रत्येक दहावा मणी थोडा मोठा. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ फिरली की १०,००० पावलं, म्हणजे सुमारे पाच मैल. आठ मणी कमी आहेत हे हातात घेऊन मोजल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार? आणि जप करत चाललेल्या यात्रेकरूच्या हातातली माळ कोण मोजणार?

दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र. त्याच्या आत मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या असायच्या, त्यावर अंतरं आणि दिशा टिपायच्या. वाटेत कुणी गप्पा मारायला जवळ आलं की चक्र फिरवत मोठ्याने मंत्र म्हणायला लागायचं. भक्ताच्या जपात व्यत्यय आणू नये म्हणून समोरचा बाजूला व्हायचा, आणि पावलांची मोजणी मोडायची नाही.

ही सगळी खटपट एवढ्या अंतरासाठीच? तारे, सूर्य यांवरून जागा कळत नव्हती का?

अर्धीच कळत होती, आणि पावलांचं खरं मोल इथेच आहे.

अक्षांश काढणं तुलनेने सोपं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका त्या जागेचा अक्षांश. पुण्यात ध्रुव साडेअठरा अंशांच्या आसपास दिसतो, ल्हासात साडेएकोणतीसच्या वर. हा कोन सेक्स्टंटने मोजायचा. सेक्स्टंटला क्षितिज लागतं, आणि चहूबाजूंनी डोंगर असलेल्या देशात सपाट क्षितिज कुठून आणणार? त्यावर उपाय पाऱ्याचा. भांड्यात पारा ओतला की त्याचा पृष्ठभाग आपोआप तंतोतंत आडवा होतो. आकाशातला तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब, या दोघांमधला कोन मोजायचा आणि त्याचा अर्धा घ्यायचा. हा पारा नैनसिंहांनी कवड्यांत भरून, मेणाने तोंड बंद करून नेला होता, आणि सेक्स्टंट लाकडी पेटीच्या चोरकप्प्यात. सगळं मध्यरात्री, कुणी जागं नाही हे पाहून.

रेखांशाचं तसं नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने अचूक चालणारं घड्याळ तरी हवं, नाहीतर फार किचकट निरीक्षणं तरी. थंडीत, चोरून, ते शक्य नव्हतं. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर पावलांनी आणि होकायंत्राने धरायचं, आणि जिथे तारा दिसेल तिथे अक्षांश काढून ती रेघ तपासत जायचं. एक पद्धत दुसरीची चूक पकडते.

उंचीसाठी थर्मामीटर. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळणारं पाणी ल्हासाच्या सुमारे ३,६५० मीटर उंचीवर ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे चहाचं आधण ठेवायच्या निमित्ताने डोंगराची उंची काढता यायची.

नैनसिंहांचा ल्हासाचा प्रवास कसा झाला?

१८६५ च्या सुरुवातीला नैनसिंह आणि मानीसिंह डेहराडूनहून निघून काठमांडूला पोचले. तिथून किरोंगच्या वाटेने तिबेटात शिरायचा प्रयत्न फसला. तिथल्या अधिकाऱ्याला संशय आला आणि परत फिरावं लागलं. दोघांचे मार्ग वेगळे झाले. नैनसिंहांनी वेष बदलला, लडाखी व्यापारी झाले, वेणी लावली, आणि दुसऱ्या वाटेने तिबेटात घुसले. पुढे लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्यात सामील होऊन त्सांगपो नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे. तांड्याबरोबर चालताना गप्पा मारायच्या, ओझं सांभाळायचं आणि मनात आकडा चालू ठेवायचा.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले आणि तीनेक महिने राहिले. पैसे संपले, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांना हिशेब लिहायला शिकवून पोट भरलं. मास्तरकी तिथेही कामी आली. दलाई लामांचं दर्शन घेणाऱ्यांच्या रांगेत त्यांनाही जावं लागलं. तेव्हाचे दलाई लामा लहान मुलगाच होते. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखलं, पण चुगली केली नाही. उलट उसने पैसे दिले. परवानगीशिवाय शहरात आलेल्या एका चिनी माणसाचं मुंडकं भर रस्त्यात उडवलेलं नैनसिंहांनी पाहिलं, आणि एके दिवशी किरोंगचा तोच अधिकारी ल्हासाच्या रस्त्यात दिसला. त्यानंतर त्यांनी राहायची जागा बदलली आणि बाहेर पडणं जवळजवळ बंद केलं. एप्रिलमध्ये तांड्याबरोबर परत निघाले आणि त्याच वर्षी डेहराडूनला परतले.

या एका प्रवासात त्यांनी १,२०० मैलांहून जास्त वाट मोजली. सुमारे २५ लाख पावलं. ल्हासाचा त्यांनी काढलेला अक्षांश आजच्या मोजमापाला अगदी लागून आहे. मला या गोष्टीत सर्वांत थक्क करतं ते हे, की पंचवीस लाखांतलं प्रत्येक पाऊल कुणीतरी खरोखर मोजलं होतं.

त्यानंतर ते पुन्हा गेले का?

दोन मोठ्या सफरी झाल्या. १८६७ मध्ये माना खिंडीतून पश्चिम तिबेटातल्या थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत. या खाणी १६,००० फुटांच्या वर. वारा इतका बोचरा की खाणकामगार तंबूसुद्धा जमिनीत खड्डे खणून त्यांत ठोकत.

शेवटची सफर १८७४ ची. जुलैमध्ये लेहहून निघाले, बरोबर सामान लादलेल्या मेंढ्या. शौका माणसाला मेंढी म्हणजे ओझ्याचं जनावर आणि वेळ पडली तर जेवणही. उत्तरेच्या पठारावरून, सरोवरामागून सरोवर पार करत नोव्हेंबरमध्ये ल्हासा गाठलं. तिथे ओळख फुटायची भीती वाटली म्हणून दोनच दिवसांत निघाले आणि दक्षिणेला तवांगला आले. तिथे त्यांना अडकवून ठेवण्यात आलं, आणि १८७५ च्या मार्चमध्ये ते आसामात उतरले. डोळे आणि तब्येत दोन्ही खालावली होती. त्यानंतर त्यांनी नव्या मुलांना शिकवायचं काम केलं.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. आशियाच्या नकाशात त्या काळात सर्वांत जास्त भर घालणारा माणूस, असा त्यांचा गौरव झाला. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं.

किंथुप यांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि सगळ्या पंडितांत मला ती सर्वांत जवळची वाटते.

तेव्हा एक मोठा वाद होता. तिबेटातून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो नदी नामचा बरवाच्या डोंगरांत दिसेनाशी होते, ती पुढे ब्रह्मपुत्रेला मिळते की इरावतीला? मधल्या घळीत कुणी उतरू शकत नव्हतं. दार्जिलिंगच्या कॅप्टन हार्मन यांनी युक्ती काढली. खुणा केलेले ५०० ओंडके वरच्या अंगाला नदीत सोडायचे, रोज ५०. खाली आसामात माणसं लक्ष ठेवतील. ओंडके आले तर नदी एकच.

या कामावर १८८० मध्ये एक लामा पाठवला आणि त्याचा नोकर म्हणून किंथुप. सिक्कीमचे, दार्जिलिंगला शिवणकाम करणारे. लामा वाटेत एका गावी एका बाईच्या नादाने चार महिने राहिला, आणि ते प्रकरण मिटवायला किंथुप यांना पदरचे पैसे भरावे लागले. पुढे त्या लामाने किंथुप यांनाच एका किल्लेदाराला गुलाम म्हणून विकलं आणि स्वतः पसार झाला.

इथे कुणीही घर गाठलं असतं. किंथुप महिनोन्‌महिने गुलामीत राहिले, संधी साधून पळाले, आणि घराच्या दिशेने न जाता नदीच्या दिशेने गेले. पाठलाग करणारे मार्पुंगच्या मठापाशी येऊन धडकले, तेव्हा त्यांनी मठाधिपतीचे पाय धरले. मठाधिपतीने पैसे भरून त्यांना सोडवलं. आता ते मठाचे नोकर. काही महिन्यांनी तीर्थयात्रेची रजा मागितली, रानात जाऊन ५०० ओंडके तोडले, गुहेत लपवले आणि परत मठात हजर. पुन्हा रजा मागितली, या वेळी चालत ल्हासाला गेले. तिथे एका सिक्कीमी माणसाकडून पत्र लिहून घेतलं: अमुक महिन्यात, अमुक तारखांना मी ओंडके सोडतो आहे. पत्र दार्जिलिंगला रवाना करून पुन्हा मठात चाकरीला. ठरलेले दिवस आले, तेव्हा दहा दिवस रोज ५० ओंडके त्यांनी नदीत सोडले.

खाली कुणीच पाहत नव्हतं. पत्र वेळेवर हाती लागलं नाही. हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेले होते. ओंडके कुणाच्याही नजरेला न पडता वाहून गेले.

१८८४ मध्ये, चार वर्षांनी, किंथुप दार्जिलिंगला परतले. आई वारली होती. पाहिलेलं सगळं त्यांनी तोंडी सांगितलं, कुणीतरी लिहून घेतलं, कुणीतरी भाषांतर केलं. त्या खटाटोपात एका लहान ओढ्याचा उंच धबधबा त्सांगपो नदीवर जाऊन बसला, आणि हा माणूस थापा मारतो असं पुष्कळांनी ठरवून टाकलं.

१९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन इंग्रज अधिकारी त्या घळीत शिरले आणि त्यांना दिसलं, की किंथुप यांनी सांगितलेली गावं, मठ, वळणं बहुतेक बरोबर आहेत. घोळ लिहून घेणाऱ्यांचा होता. बेलींनी त्यांना शोधून काढलं, तेव्हा ते दार्जिलिंगला पुन्हा शिवणकामच करत होते. निवृत्तिवेतन मिळावं म्हणून बेलींनी खटपट केली. सरकारने एकरकमी १,००० रुपये दिले. त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारले.

बाकीच्या पंडितांचं काय?

जागेअभावी दोघांपुरतंच. हरिराम १८७१ मध्ये एव्हरेस्टच्या भोवतालच्या मुलखाची मोजणी करत फिरले. नैनसिंहांचे चुलतभाऊ किशनसिंह १८७८ मध्ये निघाले ते थेट गोबीच्या कडेला तुनहुआंगपर्यंत पोचले आणि १८८२ मध्ये परतले. वाटेत लुटले गेले, नोकर पैसे घेऊन पळाला. एका टप्प्यात लुटारूंच्या भीतीने घोड्यावरून जावं लागलं, तर त्यांनी घोड्याची पावलं मोजली. घरी आले तेव्हा एकुलता मुलगा गेलेला होता. अहवालात त्यांचं नाव ‘ए. के.’ एवढंच. रोमन लिपीतल्या नावाची (इथे Krishna) पहिली आणि शेवटची अक्षरं उलटी करून अशी काही टोपणनावं ठेवलेली असत.

तिथे लोक राहतच होते. मग याला ‘शोध’ कसं म्हणायचं?

आक्षेप बरोबर आहे. त्सांगपोच्या काठच्या माणसाला नदी कुठून कुठे जाते हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता. शौका व्यापाऱ्यांना खिंडी पाठ होत्या. नवी होती ती मोजणी: हे ज्ञान कागदावर अशा रीतीने आणणं, की कधीही तिथे न गेलेल्या माणसाला ते वापरता यावं. तेच पुढे धोक्याचंही ठरलं. पण ‘तो प्रदेश अमक्या साहेबाने शोधला’ असं वाचलं, की साहेबाच्या पुढे वाट दाखवत कोण चालत होतं, हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

ते हेर होते ना? मग त्यांचा अभिमान का बाळगायचा?

होय, हेर होते. साम्राज्याचे पगारी नोकर होते, धर्माच्या वेषात वावरत होते, आणि ज्यांच्या घरी जेवले त्यांना फसवत होते. हे लपवून त्यांची थोरवी सांगण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याची किंमत तिबेटी माणसांनी मोजली. शरच्चंद्र दास हे बंगाली पंडित १८७९ आणि १८८१ मध्ये विद्यार्थी म्हणून तिबेटात गेले. त्यांना आसरा देणारे सेंगचेन लामा हे मोठे विद्वान. दासांचं खरं काम उघडकीला आल्यावर १८८७ मध्ये त्या लामांना नदीत बुडवून मारण्यात आलं. मदत करणाऱ्या इतरांना तुरुंगात टाकलं. आणि १९०३-०४ मध्ये यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याची फौज बंदुका घेऊन ल्हासावर चालून गेली, तेव्हा तिबेट काही कोरा कागद राहिला नव्हता.

तरीही नैनसिंहांची मोजणी आणि किंथुप यांचा शब्दाला जागण्याचा चिवटपणा मला मोठा वाटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या दोन्ही मनात ठेवाव्या लागतात.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी काही संबंध आहे?

आहे, आणि तो हिंगणघाटला आहे. पंडित ज्या मोजणीचं शेवटचं टोक होते, तिची सुरुवात विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यांवरून टेकडीटेकडीवर चढवायचा, त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. सत्तरीच्या आसपासचे लॅम्बटन मोहीम पुढे रेटत नागपूरकडे निघाले असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. सीमेपलीकडे ते अवजड यंत्र जाऊ शकत नव्हतं, तिथून पुढे जपमाळ गेली.

मिलमला आज जाता येतं का?

येतं. मुनस्यारीहून गोरीगंगेच्या काठाने काही दिवसांची चाल आहे, आणि महाराष्ट्रातली ट्रेकर मंडळी या वाटेने जातात. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार बंद पडला आणि एके काळचं हे गजबजलेलं गाव जवळजवळ रिकामं झालं. दगडी घरांच्या ओळी आहेत, पुष्कळशांची छपरं पडली आहेत. उन्हाळ्यात काही कुटुंबं वर येतात, शेती करतात, थंडी पडायच्या आत खाली उतरतात. सीमेजवळचा भाग असल्यामुळे परवाना लागतो. निघण्याआधी मुनस्यारीत चौकशी करा, आणि ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा.